वरळीची बी. डी. डी. : नाव बदलले, भाव बदलला

वरळीच्या बी. डी. डी. चाळीचे नाव काढले की पूर्वी लग्नाच्या बोलणीत कपाळाला आठी पडे. ‘दंगलीची वस्ती’ म्हणून चांगले स्थळ बाजूला ठेवले जाई. आज तोच पत्ता ऐकून लोक हेव्याने पाहतात. माणसे तीच आहेत. भाव वाढला तो जमिनीचा.

१९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघाले. त्याने कामगारांसाठी वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ व शिवडीत १२ अशा २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तरी वरळीच्या खोल्या आरंभी ओस पडल्या. गिरण्या लांब आणि भाडे न परवडणारे! १९३० च्या कायदेभंगात सरकारने तिथे सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला. म्हणजे आपली माणसे राहायला येण्यापूर्वीच या वास्तूला तुरुंगाचे नाव लागले होते.

पुढे कोकणातून, घाटावरून आलेल्या कष्टकऱ्यांनी या खोल्यांत संसार थाटले, मुले शिकवली. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेत दगडफेक होऊन दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. मार खाल्ला त्यांच्याच वाट्याला बदनामीही आली.

२०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाच्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे! पण आम्ही कारकुनी पेशाची माणसे, जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, पहारेकरी, साफसफाई यांचा खर्च आज ना उद्या रहिवाशांवरच येतो. तो झेपला नाही की घर विकून बदलापूर-विरारची वाट धरावी लागते. वरळीत टॉवर उभा राहील, पण त्यात आपण नसू.

म्हणून सोसायटीच्या सभेला घरटी एकाने तरी जावे, बहिणींनी विशेषकरून. दरमहा हिशेब फलकावर लावून घ्यावा. घराच्या कागदावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावण्याची चौकशी करावी. आणि दलाल दारात आला, तर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांना एकत्र बसवावे. शंभर वर्षे बदनामी सोसून राखलेली जागा एका सहीने जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.