यंत्र घरी येते, वस्ताद येत नाही

प्रथम वर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मोसोचा अर्गोग्राफ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हात पट्ट्यांनी जखडलेला, मधल्या बोटाला दोरी, दोरीच्या टोकाला वजन. ठोक्याबरोबर ते ओढत राहायचे आणि कागदावरच्या रेषा हळूहळू बुटक्या होत जाताना पाहायच्या. एका बोटाचा थकवा मोजणारे ते यंत्र होते. त्याचा थोरला भाऊ म्हणावा असा अर्गोमीटर, म्हणजे बोलीभाषेतील रोइंग मशीन, गेली चार वर्षे माझ्या दिवाणखान्यात आहे. ते निवडताना मी केलेल्या चुका आपणां सर्वांसमोर मांडाव्यात आणि त्या ओघात आपल्या मंडळाला एक सूचना करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रारंभीच एक कबुली देतो. तीस वर्षांच्या व्यवसायात ‘नियमित व्यायाम करावा’ हे वाक्य मी किती चिठ्ठ्यांच्या तळाशी लिहिले असेल याची गणती नाही. कोणता व्यायाम, किती वेळ, कोणी करू नये, यांपैकी काहीही लिहिले नाही. औषध अशा रीतीने लिहिले असते, तर दुकानदाराने चिठ्ठी परत पाठवली असती. साठी उलटल्यावर माझीच साखर सीमारेषेवर आली आणि उजवा गुडघा कमाटीबागेच्या दुसऱ्या फेरीला कुरकुरू लागला, तेव्हा हा मोघम सल्ला माझ्याच पदरात येऊन पडला. त्याआधी उत्साहाच्या भरात आणलेल्या ट्रेडमिलवर पहिल्याच पावसाळ्यात टॉवेल वाळू लागले होते. त्यामुळे दुसऱ्या यंत्राचा विषय निघताच सौभाग्यवतींनी एकच अट घातली : “काय हवे ते आणा, पण झोपाळा हलणार नाही.” बडोद्यातील घरात झोपाळ्याचा मान काय असतो, हे वाचकांना सांगायला नको.

वल्हवण्याचा व्यायाम मी निवडला तो गुडघ्यासाठी. शरीराचा भार सरकत्या बैठकीवर राहतो, पावलांना हिसके बसत नाहीत आणि पाय, पाठ, खांदे, दंड असे सर्व मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाचा १५० ते ३०० मिनिटे व्यायाम हवा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. यातील पहिला भाग हे यंत्र उत्तम साधते आणि दुसऱ्याला हातभार लावते. मात्र बसून केलेल्या व्यायामात हाडांवर देहाचा भार पडत नाही. म्हणून अस्थिविरलतेची भीती असलेल्यांनी, विशेषतः पन्नाशीपुढील भगिनींनी, चालणे व वजने सोडू नयेत.

आता निवडीविषयी. बाजारात या यंत्राचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पिस्टनवर चालणारे यंत्र स्वस्त असते आणि खाटेखाली सरकवता येते. परंतु सलग वापराने पिस्टन तापतो, रोध सैल पडतो आणि त्याची हालचालही खऱ्या वल्हवण्यासारखी होत नाही. चुंबकाचे यंत्र जवळजवळ निःशब्द असते. रोध बटणाने ठरतो. पाण्याच्या टाकीचे यंत्र देखणे, त्याचा आवाजही सुखद. पण टाकीतील पाणी स्वच्छ ठेवण्याचे काम मागे लागते. पंख्याच्या यंत्रात जितक्या जोराने ओढावे तितका हवेचा रोध वाढतो. नातू आणि आजोबा दोघेही काहीही न बदलता त्यावर बसू शकतात. नौकानयनपटूंची २००० मीटरची चाचणीही सामान्यतः अशाच यंत्रावर घेतली जाते. त्याचा दोष एकच : आवाज. सदनिकेत राहणाऱ्याने पहाटे साडेपाचला ते सुरू करण्यापूर्वी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी असलेले संबंध तपासून पाहावेत.

किंमत काही हजारांपासून लाखापलीकडे जाते. पण किमतीआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, रुळाची लांबी : पाय पूर्ण सरळ होण्याआधी बैठक टोकाला अडता कामा नये. दुसरी, बैठकीची उंची. पुष्कळ यंत्रांची बैठक जमिनीपासून चौदा इंचांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या खुर्चीपेक्षा बरीच खाली. ज्यांना पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, त्यांनी उंच पायांचा प्रकार घ्यावा. तिसरी, जागा. पंख्याचे यंत्र आठ फुटांच्या आसपास असते, म्हणून ते दोन भागांत सुटते की नाही हे विचारावे. (आमचे सुटते, झोपाळा जागचा हललेला नाही.) चौथी, दुरुस्ती : सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का आणि कारागीर घरी येतो का. पडद्यावरचे उष्मांकाचे आकडे हा केवळ अंदाज असतो. त्यांच्या भरवशावर कोणी जिलेबीचा हिशेब मांडू नये.

हे सर्व मी पाहिले, विचारले, पडताळले आणि पंख्याचे यंत्र घेतले. तरीही तिसऱ्याच आठवड्यात कंबर धरून अंथरुणाला खिळलो. यंत्रात दोष नव्हता. रोधाची खिट्टी मी दहावर नेऊन ठेवली होती, कारण दहा हा आकडा पाचापेक्षा मोठा! पाठीची कमान करून, श्वास कोंडून, हातांनी दांडी खेचत होतो. अखेर माझ्या एका विद्यार्थ्याची मुलगी, जी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी आली. दोन मिनिटे पाहून म्हणाली, “काका, तुम्ही पाठीने ओढताय. पायांनी ढकला. दांडी आपोआप येईल.” मग तिने क्रम घोटवून घेतला : आधी पाय, मग कमरेतून धड मागे, शेवटी हात, परतताना आधी हात, मग धड, शेवटी गुडघे. पाठ ताठ, वाकणे कमरेच्या सांध्यातून. खिट्टी तीन ते पाचांमध्ये, मिनिटाला वीस-बावीस खेचा आणि प्रारंभी पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक नाही. तीस वर्षे इतरांच्या कमरा तपासणाऱ्याला स्वतःची कमर कशी वापरावी, हे तिशीतल्या मुलीने शिकवले. वल्हवणाऱ्या खेळाडूंमध्ये कंबरदुखी ही नेहमीची तक्रार आहे, हे मी वाचले होते. वाचणे आणि पाहून शिकणे यांतील अंतर त्या दिवशी कळले.

तेव्हा मला आपल्या शहराचीच आठवण झाली. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा या बडोद्याची आहे. शरीर कसणे आणि निखळलेला सांधा बसवणे या दोन्ही विद्या तिथे एकाच छताखाली नांदल्या. व्यायाम ज्ञानकोशाचे खंडही याच शहरातून निघाले. आखाड्यात नवख्याच्या हाती मुद्गल देण्यापूर्वी वस्ताद त्याची बैठक पाहत असे. आज यंत्र खोक्यातून घरी येते, जोडणारा तासाभरात जोडून जातो. वस्ताद मात्र येत नाही. यंत्रांवर टॉवेल वाळतात किंवा कमरा धरतात, त्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. आळस हे दुय्यम कारण होय.

वल्हे हा काही समुद्राकाठच्याच माणसाचा विषय नव्हे. नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या दुष्काळी टापूतून आलेले दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे धरायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक घेऊन परतले. त्यांच्या कष्टांना तोड नाहीच, पण त्या कष्टांना शिकवणाऱ्याची नजर लाभली, हेही तितकेच खरे.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या मंडळाच्या सभागृहात एक चांगले रोइंग मशीन ठेवावे आणि आठवड्यातून दोन दिवस तासभर फिजिओथेरपिस्टची उपस्थिती असावी. ज्याला यंत्र घ्यायचे असेल, त्याने सहा आठवडे तिथे येऊन वल्हवावे. सातव्या आठवड्यातही येण्याची ओढ राहिली, तर खुशाल घरी यंत्र घ्यावे. न राहिली, तर त्याचे पैसे वाचले. अनियंत्रित रक्तदाब, अस्थिर हृदयविकार, चकतीचा ताजा विकार, हर्निया, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर वाढलेल्या नव्या रक्तवाहिन्या किंवा बदललेला खुब्याचा सांधा असलेल्यांना आधी तपासून मगच बसू द्यावे. पायांची संवेदना गेलेल्या मधुमेहींची पावले पट्ट्यांखाली सोलवटली नाहीत ना, हे दर वेळी पाहावे. एवढे डॉक्टर एका मंडळात असताना हे अवघड जाऊ नये.

माझ्यापुरते सांगायचे, तर आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटे मी वल्हवतो आणि उरलेली मिनिटे कमाटीबागेत भरून काढतो. गुडघ्याची कुरकुर थांबलेली नाही, पण ती आता दुसऱ्याऐवजी चौथ्या फेरीला सुरू होते. आणि हल्ली चिठ्ठीच्या तळाशी ‘व्यायाम करावा’ असे न लिहिता मी रुग्णाला विचारतो : “तुम्हाला शिकवणार कोण?”