आजगावकर ऊर्फ मित्र

दिवाळी अंक काढणाऱ्याला १९०९ सालच्या ‘मनोरंजन’ला नमस्कार केल्याशिवाय लेखणी उचलता येत नाही. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली शिकले, त्या साहित्याच्या प्रेमात पडले आणि आडनावसुद्धा बंगाली लावू लागले. म्हणजे मराठी दिवाळी अंकाची वहिवाट पाडणारा माणूस एका कागदावर आजगावकर, तर दुसऱ्यावर मित्र! आज एखाद्या चौकीत त्यांची कागदपत्रे मागितली असती, तर काय झाले असते?

हा प्रश्न नुसता गमतीचा राहिलेला नाही. जून २०२५मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला बांगलादेशी समजून उचलले गेले आणि थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. त्याच्यासारखे आणखीही काही होते. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचे कागद पुढे केले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. मुंबईला हे नवे नाही. जुलै १९९८मध्ये जरीच्या कारागिरांना असेच बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीत बसवले होते. उलुबेरियाला जमावाने गाडी अडवून त्यांना उतरवून घेतले.

आता या घाईच्या पाठीशी कायदा उभा राहतो आहे. स्थलांतरितांना आसामबाहेर काढण्याचा १९५०चा कायदा जवळजवळ विस्मरणात गेला होता. सप्टेंबर २०२५मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने त्याची नवी कार्यपद्धती मंजूर केली. जिल्हा आयुक्ताने संशयिताला नागरिकत्व सिद्ध करायला दहा दिवस द्यायचे. खात्री पटली नाही, तर चोवीस तासांत निघून जाण्याचा हुकूम. एरवी असे निवाडे करणाऱ्या परकीय नागरिक न्यायाधिकरणाची पायरी बहुतेकांच्या वाट्याला येणारच नाही.

बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा हक्क देशाला आहे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. आसामची तक्रारही खोटी नव्हे. त्यापायी ते राज्य १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे पेटले होते. न्यायाधिकरणांत खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, हेही खरे. पण मी परका नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६च्या परकीय नागरिक कायद्यापासून संशयितावरच आहे आणि २०२५च्या नव्या कायद्यानेही ती तिथेच ठेवली आहे. अशा वेळी त्याच्या हाती उरतो तो फक्त वेळ. आणि तो किती लागतो ते पाहा. आसामच्या नलबारी जिल्ह्यातल्या एका माणसाला २०१२मध्ये एकतर्फी परदेशी ठरवले गेले. नावांच्या स्पेलिंगांत आणि तारखांत किरकोळ फरक निघाले होते. तो भारतीयच आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये दिला. त्याआधीच तो वारला होता.

आपल्याकडचे कागद तरी कुठे धड आहेत? मास्तरांनी सोयीने १ जून लिहून टाकलेल्या जन्मतारखेवर आमच्या पिढीतली निम्मी माणसे पेन्शन खाताहेत. आमच्या आईचे नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदलले. शाळेच्या दाखल्यावर ती अजून दुसरीच कोणी आहे. आसामातही असेच होते. माहेरच्या बापाशी नाते दाखवणारा कागद सासरी गेलेल्या बाईपाशी नसतो. तो मिळवायला ती कुठे कुठे खेटे घालणार? आपल्या तहसील कचेरीत दहा दिवसांत जुन्या नोंदीची नक्कल मिळाली, तर आपण पेढे वाटू. आणि त्या दहा दिवसांत दिवाळीची सुट्टी आली तर?

यंदा या अंकाची प्रुफे आम्ही तिघांनी तीनदा वाचली. तरी एका कवयित्रीच्या आडनावावरचा अनुस्वार सुटलाच आणि ते पान छापून झाल्यावर लक्षात आला. तिची माफी मागून शुद्धिपत्राची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत हाताने डकवली आहे. त्यापायी अंक चार दिवस उशिरा आपल्या हाती येतो आहे.