मालकी गीताची, श्रम हातांचे

अमेरिकेतील कंट्री संगीताचा इतिहास ब्रिस्टल या गावाचे नाव घेतल्यावाचून सांगता येत नाही. १९२७ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी तेथे कार्टर कुटुंबाची गीते ध्वनिमुद्रित केली. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा आणि भावजय मेबेल असे हे तिघे. मेबेलबाई त्या वेळी अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि गरोदर होत्या.

गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने चाल वाजवावयाची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ठेका धरावयाचा, ही मेबेलबाईंची रीत. साथीपुरते मानले जाणारे वाद्य त्यांनी पुढे आणले. पुढील पिढ्यांतील असंख्य वादक ही रीत शिकले. तिला ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतात. म्हणजे नावातही घराणे तेवढे आहे, मेबेल नाही.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. पीअर यांचे लक्ष गीतांच्या प्रकाशन-हक्कांवर होते आणि बहुतेक गीतांवर नाव लागले ते ए. पी. यांचे. त्यांनी डोंगरदऱ्या हिंडून गीते गोळा केली, ते श्रम खोटे नव्हेत. परंतु कायद्याने गीत ही मालमत्ता ठरते, हाताचे कौशल्य ठरत नाही. ज्या रीतीवर एका संगीतप्रकाराचे वादन उभे राहिले, तिच्या जनकत्वाचा मोबदला कोणत्याही खात्यावर जमा होत नव्हता. एके काळी याच मेबेलबाई नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीची परिचारिका म्हणून काम करीत होत्या.

गीताची मालकी तरी सुरक्षित असते काय? उत्तर कॅरोलिनातील कृष्णवर्णीय एलिझाबेथ कॉटन यांनी ‘फ्रेट ट्रेन’ हे गीत बालवयात रचले. पुढे आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी घरकाम केले. वॉशिंग्टनमधील सीगर या संगीतज्ञ कुटुंबाकडे त्या कामाला असताना त्यांची कला उजेडात आली. त्यांचे गीत मात्र इंग्लंडला पोहोचले आणि १९५७ मध्ये तेथे गाजले ते रचनाकार म्हणून भलत्यांचीच नावे लावून. आपल्याच गीतावर आपले नाव लागावे म्हणून त्यांना झगडावे लागले. ग्रॅमी पारितोषिक मिळाले १९८५ मध्ये, नव्वदी गाठल्यावर.

या स्त्रियांचा प्रभाव सर्वमान्य आहे, मग नावाचा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. प्रभावाने चूल पेटत नाही, हे त्याचे उत्तर आहे. मेबेलबाईंच्या कुटुंबाला १९७० मध्ये कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले, याचा आनंदच आहे. परंतु सन्मान म्हणजे मोबदला नव्हे. उशिरा वाहिलेल्या हाराने आधीचा हिशेब फिटत नाही.

उत्पादनाची मालकी कोणाची, हे विचारण्याची आपणांस सवय आहे. त्या उत्पादनातील कोणते श्रम हिशेबातच धरले गेले नाहीत, हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. बहुधा ते श्रम एखाद्या स्त्रीचे असतात.