‘आपल्यातच राहायला आवडतं’ हे कशावरून ठरलं?

सहा वर्षांपूर्वी आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. चऱ्होलीत नव्या इमारती उभ्या राहत होत्या, भाडंही परवडणारं होतं. एका एजंटने फोनवर तीन फ्लॅट रिकामे असल्याचं सांगितलं. मग नाव विचारलं. मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही ‘गेले’ होते. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या एका मालकाने काही खळखळ न करता घर दिलं.

त्याच दिवसांत ऑफिसात जेवताना एक सहकारी म्हणाला, “तुम्हाला आपल्याच लोकांत राहायला आवडतं ना? कोंढवा बघ, मुंब्रा बघ.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. असं विधान तपासायचं कसं, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाकडे वळलो.

तिथला एक मूळ वाद असा, की माणसांच्या वागण्याचा उलगडा बाहेरून करायचा की आतून? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम याने १८९७ च्या आत्महत्येवरच्या पुस्तकात एकेकाच्या मनात न शिरता प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांतले आत्महत्येचे दर ताडून पाहिले. समाजाचा दाब व्यक्तीच्या बाहेरून येतो आणि तो आकड्यांत दिसतो, असं त्याचं म्हणणं. जर्मनीतल्या मॅक्स वेबरचा आग्रह वेगळा होता: करणाऱ्याच्या लेखी त्या कृतीचा अर्थ काय, हेही समजून घ्यायला हवं.

आता मुंब्रा घ्या. नकाशावर कोण कुठे राहतं ते दिसतं, आवड दिसत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतर अनेक कुटुंबं तिथे गेली ती जिवाच्या भीतीने. असुरक्षिततेमुळे मुस्लिम वस्त्या एकवटत जातात, हे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आलं आहे. माझे ते तीन फ्लॅट मात्र कुठल्याच जनगणनेत सापडणार नाहीत. तसं नुसतं विचारूनही भागत नाही. माझ्या अम्मीला विचारा, ती म्हणेल, “आपल्या लोकांत बरं वाटतं.” ते खोटं नाही. पण कुठे कुठे नकार मिळाला, हे ती सांगणार नाही. म्हणून मोजणं आणि समजून घेणं, दोन्ही लागतं.

मोजतानाही तुलना कशाशी करतो, याला महत्त्व आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती, तर राज्यातल्या मुस्लिमांची ७८.१. म्हणजे मुस्लिम पुढे? थांबा. राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहत होते, एकूण लोकसंख्येपैकी मात्र ४२ टक्केच. शहरांत साक्षरता मुळातच जास्त असते. शहराची तुलना शहराशी केल्याशिवाय या आकड्यावरून कुणी खूश होऊ नये आणि कुणी दुसऱ्याचं तोंडही बंद करू नये.

आणखी एक गोष्ट आम्हा संगणकवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. सर्व्हरला काहीही नाव दिलं तरी त्याचं वागणं बदलत नाही, माणसाचं बदलतं. लोकांवर मारलेला शिक्का ते वाचतात, त्याप्रमाणे वागू लागतात आणि मग शिक्का खरा वाटायला लागतो. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी हे चक्र मांडलं. माझ्या मावसभावाला चाकणला नोकरी लागली, तेव्हा त्याने मोहल्ल्याबाहेर एकही घर पाहिलं नाही. “उगाच कशाला विचारायचं?” म्हणाला. उद्या सर्वेक्षणात तो ‘आवडीने राहणारा’ म्हणून नोंदला जाईल.

मग हे सगळं नीट मांडायचं कुणी? पुणे विद्यापीठात शिकवलेले गोपाळ गुरू यांनी २००२ साली लिहिलं, की भारतीय सामाजिक शास्त्रांत काही जण सिद्धान्त मांडतात आणि दलित-बहुजनांच्या वाट्याला माहिती पुरवण्याचं काम येतं. आपलंही तसंच आहे. तक्त्यात आपण असतो, तक्ता आखताना क्वचितच. मात्र अनुभव गाठीला आहे म्हणून सिद्धान्त आपोआप तयार होत नाही. त्यासाठी अभ्यास लागतो, आणि आपली हुशार मुलं बहुतेक माझ्यासारखी इंजिनिअरिंगला जातात.

म्हणून सांगणं एवढंच: घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला समाजशास्त्र, संख्याशास्त्र शिकायचं असेल तर अडवू नका. आणि घर शोधत असाल तर वही ठेवा. किती फोन केले, नाव कधी विचारलं, उत्तर काय मिळालं, ते लिहा. होकारही लिहा. आवडीने मोहल्ल्यात राहणाऱ्यांचं म्हणणंही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवा.

तो सहकारी आजही मित्र आहे. परवा मी त्याला विचारलं, “आवडतं, हे तुला कशावरून कळलं?” तो थोडा थांबला, मग म्हणाला, “खरं सांगू? मी कुणाला विचारलंच नाही.” त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्या तीन फ्लॅटबद्दल बोललो.