हेड हलकं घ्या, पण पकड पाहून घ्या

माधवनगर, बुधगाव, कवलापूर, इकडे सांगली-मिरज आणि तिकडे तासगाव-विटा या पट्ट्यात हौसेनं फोटो काढणारे आता पुष्कळ झालेत. कुणी लग्नाच्या कामातून शिकलं, कुणी कॉलेजात पहिला कॅमेरा घेतला, कुणी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पक्ष्यांच्या मागे लागलं. या सगळ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे, आणि ते कॅमेऱ्याबद्दल किंवा लेन्सबद्दल नाही. ट्रायपॉडच्या तीन पायांवर जो लहानसा भाग बसतो आणि कॅमेरा धरून ठेवतो, त्या हेडबद्दल आहे. कॅमेऱ्यासाठी महिनोन्महिने पैसे साठवणारी माणसं हेड मात्र दुकानदार देईल ते उचलतात. मग फोटो हलला की दोष लेन्सला देतात.

हलकं हेड हवं, हे मला मान्य आहे. सकाळी अंधारात गाडीवर सॅक टाकून दंडोबाच्या डोंगरावर जायचं, किंवा खानापूर तालुक्यात बाणूरगड चढून रात्रीचं आकाश टिपायचं, तर सॅकमधला एक किलो फार मोठा असतो. जड ट्रायपॉड पहिल्या दोन वेळा उत्साहानं नेला जातो, तिसऱ्या वेळी तो कपाटामागे उभा राहतो. न नेलेल्या ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. म्हणून वजन कमी करायचा विचार योग्यच आहे. प्रश्न आहे तो कुठलं वजन कमी करायचं आणि कुठलं नाही याचा.

सगळ्यात आधी घरातला ट्रायपॉड तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच ट्रायपॉडचं हेड पायांना कायमचं जोडलेलं असतं, ते निघतच नाही. तसं असेल तर नवं हेड आणून काही होणार नाही, पायांपासूनच विचार करावा लागेल. हेड निघत असेल तर ते फिरवून काढा आणि खालचा स्क्रू बघा. पायांवर हेड बसवायचा स्क्रू साधारणपणे 3/8 इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याच्या तळाला लागणारा 1/4 इंचाचा. काही हलक्या ट्रायपॉडना वरही 1/4 इंचाचाच स्क्रू असतो. तिथं काही रुपयांची पितळी बुशिंग मिळते, ती लावली की काम होतं. हे घरी बघून गेलात तर दुकानात फसगत होत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे या. ‘10 किलो’, ‘15 किलो’, ‘20 किलो’ असं ठळक छापलेलं असतं, आणि माणूस मनात हिशोब करतो की आपला कॅमेरा तर किलोभराचाही नाही. खरंच नाही. कॅननचा 1500डी बॉडी म्हणून 475 ग्रॅमचा आहे आणि त्यासोबत येणारी 18-55 लेन्स 200 ग्रॅमच्या आसपास. मग 15 किलोचं हेड त्याला पुरून उरायला हवं. तरीही तेच हेड 70-300 लेन्स लावल्यावर खाली झुकतं. याचं कारण असं की हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एकच पद्धत ठरलेली नाही. बहुतेकदा तो सरळ वरून ठेवलेल्या वजनाचा असतो. तुमची लेन्स वरून दाबत नाही, ती पुढं ओढते. कॅमेऱ्याखालच्या, हेडमध्ये बसणाऱ्या प्लेटपासून ती जितकी पुढं जाईल तितका तिचा पीळ हेडवर वाढतो. म्हणून दोन हेडची तुलना निव्वळ किलोच्या आकड्यावरून करू नका. बॉल हेड असेल तर आतला गोळा किती मिलिमीटरचा आहे ते विचारा. तो आकडा जास्त खरं सांगतो. 28-30 मिमीचा गोळा असलेलं हेड साधारण पाव किलोचं असतं, 36 मिमीचं साडेतीनशे-चारशे ग्रॅमचं आणि 44 मिमीचं अर्ध्या किलोच्या वर जातं. गोळा मोठा तितकी पकडायला जागा जास्त, हे साधं गणित आहे.

आणि ही पकड इतकी महत्त्वाची का, तेही बघा. 1500डीच्या फोटोची रुंदी 6000 पिक्सेल आहे. समजा लॉक केल्यावर हेड फक्त एक दशांश अंश सरकलं. 18 मिमीवर देवळाचा फोटो काढत असाल तर चित्र आठ-नऊ पिक्सेलनी हलेल, तुमच्या लक्षातही येणार नाही. पण त्याच कॅमेऱ्याला 500 मिमीची लेन्स असेल तर तेवढ्याच हलण्यानं चित्र सुमारे 235 पिक्सेल सरकतं. पक्ष्याचा डोळा जिथं धरला होता तिथं त्याची चोच येते. हेड तेच आणि चूकही तेवढीच, पण लेन्स बदलली की परिणाम कुठल्या कुठे जातो. म्हणून ‘चांगलं हलकं हेड कोणतं’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तुमची सगळ्यात लांब लेन्स कोणती, हे आधी सांगावं लागतं.

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स आणि फार तर 70-300 वापरणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून 36 मिमीच्या आसपासचं बॉल हेड घ्यायला सांगेन. सांगलीच्या घाटावर गणपती मंदिर, संध्याकाळी आयर्विन पूल, हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम, तिथल्या रस्त्याकडेची चिंचेची झाडं, घरचा समारंभ, रात्रीचे तारे, एवढं सगळं त्यावर निभावतं. एका नॉबवर कॅमेरा हवा तसा फिरतो, लॉक होतो आणि सॅकमध्ये कमी जागा घेतो. तीन दांड्यांचं जुन्या पद्धतीचं पॅन हेड इमारतींच्या फोटोसाठी फार छान असतं, कारण आडवी आणि उभी रेषा वेगवेगळी जुळवता येते. पण त्या दांड्या सॅकमध्ये अडकतात आणि वजन पाऊण किलोच्या पुढं जातं. वाडे, देवळं, घाट हाच तुमचा विषय असेल तर ते जरूर घ्या. भटकणाऱ्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

व्हिडिओचं वेगळं आहे. लग्नाचं किंवा कीर्तनाचं चित्रीकरण करणाऱ्यांनी बॉल हेडवर कॅमेरा फिरवायचा प्रयत्न करू नये, झटके बसतातच. त्यासाठी लहान फ्लुइड हेड मिळतं, तेच घ्या.

पुलाचं नाव आलं आहे तर एक सांगतो. आयर्विन पूल 1929 चा आहे, आणि पावसाळ्यात पाणी किती चढलं हे आख्खी सांगली याच पुलावरून मोजते, त्यामुळे त्या दिवसांत तिथं कॅमेरे उभे राहतात. कुठल्याही पुलावरून गाडी गेली की पूल थरथरतो आणि ती थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यापर्यंत येते. तिथं महागातलं हेडही काही करू शकत नाही. गाडी जाऊ द्या, मग शटर दाबा. पूर असताना काठाच्या अगदी कडेला ट्रायपॉड लावू नका, ओली माती कधी खचेल सांगता येत नाही.

पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्यांशी मात्र मी थोडं कडक बोलणार आहे. विट्याच्या पुढं मायणीला हिवाळ्यात तलावावर जाणारे, सागरेश्वरला हरणांसाठी जाणारे बरेच जण आता 150-600 मिमीची लेन्स वापरतात. सिग्माच्या या लेन्सचा हलका प्रकारही 1930 ग्रॅमचा आहे, टॅमरॉनची लेन्सही दोन किलोच्या आसपास. कॅमेरा धरून अडीच किलो झाले, आणि तेही एवढ्या लांबीवर. यासाठी हलक्या बॉल हेडचा हट्ट धरू नका. लॉक सैल केला की सगळा भार एका बाजूला कोसळतो; बोट चिमटतं, आणि पाय रुंद लावलेले नसतील तर अख्खा ट्रायपॉड उलटतो. अशा लेन्सला गिंबल हेड लागतं, ज्यात लेन्स तिच्या तोलावर लटकते आणि एका बोटानं फिरते. ते किलोच्या वर भरतं, आणि ते वजन सोसायलाच हवं. सोसवत नसेल तर ट्रायपॉड घरी ठेवून एका पायाचा मोनोपॉड न्या. किंवा त्याहून स्वस्त उपाय आहे. जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, तिच्यात आपल्याकडचा शाळू भरा आणि गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. तुम्ही गाडीतून किंवा जमिनीवर पालथं पडून फोटो काढत असाल, तर ही पिशवी कुठल्याही हलक्या हेडला मागे टाकते.

सागरेश्वर म्हटलं की वृक्षमित्र धों. म. मोहित्यांचं नाव घ्यावंच लागतं. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून, राखून उभं केलेलं ते अभयारण्य जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं आहे. इतक्या लहान जागेत जनावराच्या जवळ जाण्यासाठी वाट सोडणं बरोबर नाही. लांब लेन्स घेतली ती यासाठीच ना?

आता कासला जाणाऱ्यांसाठी थोडं. साताऱ्याच्या वरचं हे पठार सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे, 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथं धुकं, भुरभुर पाऊस आणि वारा कधी एकत्र येतील सांगता येत नाही. सीतेची आसवं किंवा दवबिंदूसारखी फुलं इतकी लहान आणि जमिनीलगत असतात की ट्रायपॉड पूर्ण पसरून खाली आणावा लागतो. मधला दांडा त्यात आडवा येतो. तो काढता येणारा किंवा आखूड असलेला ट्रायपॉड असेल तरच हेडचा फायदा मिळतो. फूल वाऱ्यानं हलत असेल तर हेड कितीही पक्कं असलं तरी फोटो हलणारच. आत शिरण्यापूर्वी ट्रायपॉडला परवानगी आहे का ते विचारा. परवानगी असली तरी पाय खडकावर टेका, फुलांच्या गालिच्यात नको. पुढच्या वर्षीचं बी त्याच मातीत असतं.

बॉल हेडच्या कडेला एक खाच असते, कॅमेरा उभा करण्यासाठी. हलक्या ट्रायपॉडवर ती खाच वापरली की सगळं वजन मधल्या रेषेबाहेर लटकतं. त्या वेळी ट्रायपॉडचा एक पाय कॅमेरा झुकतो त्या बाजूला ठेवा आणि मधल्या हुकाला सॅक अडकवा. सॅक जमिनीला हलकीशी टेकलेली असू द्या, नाहीतर वाऱ्यानं तीच झोके घेते. उभे फोटो फार काढत असाल तर ‘एल’ आकाराची प्लेट घ्या. तिच्यामुळे कॅमेरा उभा असतानाही हेडच्या बरोबर मधोमध बसतो.

प्लेटबद्दल माझं ठाम मत आहे. आर्का पद्धतीची, सुमारे 38 मिमी रुंदीची प्लेट बसेल असंच हेड घ्या. ही प्लेट बहुतेक कंपन्यांची चालते, हरवली तर दुसरी सहज मिळते, आणि चार मित्र फिरायला गेले तर एकमेकांचा कॅमेरा एकमेकांच्या ट्रायपॉडवर बसतो. काही कंपन्यांची प्लेट फक्त त्यांच्याच हेडवर बसते. ती ट्रिपमध्ये घरी राहिली की सगळा दिवस वाया जातो. आर्का म्हणून विकलेल्या सगळ्या प्लेट तंतोतंत एका मापाच्या नसतात, तेव्हा एकदा लावून, आवळून, हलवून बघा.

हेडची निगा राखायला फार काही लागत नाही. हरिपूरच्या वाळूतून किंवा तासगावच्या द्राक्षबागेच्या धुळीतून आलात की मऊ ब्रशनं गोळ्याभोवतीची धूळ काढा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. गोळा जड फिरतो म्हणून त्यावर शिवणयंत्राचं तेल किंवा ग्रीस घालू नका. तेलानं पकड सुटते आणि धूळ चिकटते. तळाचा स्क्रू अधूनमधून आवळा. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना तर सगळ्यात लहान हेड पुरतं, फक्त मोबाईल धरणारा चिमटा धातूचा घ्या.

आता माझी विनंती. हेड घ्यायला जाताना तुमचा कॅमेरा, तुमच्याकडची सगळ्यात जड लेन्स आणि तुमचा ट्रायपॉड, तिन्ही बरोबर न्या. दुकानात हेड बसवा, लेन्स आडवी धरून समोरच्या भिंतीवरचा एखादा ठिपका चौकटीच्या मधोमध घ्या, लॉक आवळा आणि हात सोडा. ठिपका खाली किंवा वर सरकला का बघा. मग दोन मिनिटं थांबून पुन्हा बघा. नॉब ओल्या हातानंही फिरतो का, कॅमेरा घट्ट ठेवून फक्त तळ फिरवता येतो का, तेही तपासा. ज्या हेडांवर ठिपका जागेवर राहिला त्यांतलं सगळ्यात हलकं हेड निर्धास्त घ्या. सरकला तर खोक्यावर 20 किलो लिहिलेलं असलं तरी ते परत ठेवा. आणि बसवून बघू देत नाहीत तिथून हेड घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त मिळत असो.