मालकाच्या रकान्यात काय लिहायचे?

देशातील एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. कोंबड्या-बदके वगळता पंधरा प्रकारच्या प्राण्यांची मोजणी करायचे ठरले. त्यांत गाय, म्हैस, शेळी, मेंढी असणे स्वाभाविकच. पण मिथुन आहे, याक आहे, ससा आहे, हत्ती आहे आणि कुत्राही आहे. मांजर नाही. आपल्या शहरांतील गल्लीबोळांत, बाजारांत, जिन्याखाली जे रोज दिसते, त्याला राष्ट्रीय दप्तरात जागा नाही. प्रशासनात हयात घालवलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याची गणना नाही, त्याच्या नावे तरतूदही नसते.

निवृत्तीनंतर मी डेहराडूनला राहतो. गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी राजपूर रस्त्याच्या कडेला वाहनाची धडक बसलेले एक मांजर मागचे पाय ओढत गटाराकडे सरकताना दिसले. त्यानंतरच्या दहा मिनिटांत जे घडले, त्यावरून आपल्या समाजाच्या भूतदयेविषयी तक्रार करण्यास मला तरी जागा दिसत नाही. फळवाल्याने लिचीची पेटी रिकामी करून दिली. एका विद्यार्थिनीने मांजराला गुंडाळायला ओढणी काढून दिली. ‘विक्रम’वाल्याने (तिथे सामायिक तीनचाकीला याच नावाने ओळखतात) प्रवासी न घेता गाडी वळवली आणि भाडे नाकारले. एका सद्गृहस्थांनी खिशातील पॅरासिटामॉलची गोळी पुढे केली. ती मात्र मी नम्रपणे परत केली. माणसाला रोजचे असलेले हे औषध मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाही, अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

अडचण सुरू झाली ती पुढे. सरकारी पशुरुग्णालयाची वेळ संपली होती. खासगी दवाखान्यात नोंदणीचा अर्ज समोर आला आणि त्यातील पहिलाच रकाना होता ‘मालकाचे नाव’. मालक नाही, असे मी सांगताच स्वागतकक्षातील मुलगी म्हणाली, ‘‘सर, हा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जात नाही.’’ मी माझे नाव दिले. क्ष-किरण तपासणीत कमरेचे हाड मोडल्याचे निघाले. तरुण डॉक्टरबाईंनी सांगितले की शस्त्रक्रियेची गरज नाही. सहा आठवडे पिंजऱ्यात जखडून ठेवल्यासारखे ठेवले तर हाड आपोआप सांधेल. मग त्यांनी विचारले, ‘‘पण सहा आठवडे ठेवणार कुठे?’’

ते सहा आठवडे मांजराने माझ्या व्हरांड्यात काढले आणि किंचित लंगडत ते पुन्हा फळांच्या गाड्यांमागे गेले. उपचारांचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास आला. मला निवृत्तिवेतन आहे, व्हरांडा आहे आणि वेळही आहे. ज्याने पेटी रिकामी केली त्या फळवाल्याकडे यांपैकी काहीच नाही. मी त्या रस्त्याने गेलो नसतो, तर त्याच्या दयेचे पुढे काय झाले असते, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. जाता जाता हेही सांगायला हवे की मांजराला उचलताना माझ्या मनगटावर ओरखडा उठला होता. पंधरा मिनिटे साबण-पाण्याने जखम धुऊन सरकारी रुग्णालयात गेलो, तेव्हा रेबीजची लस विनामूल्य आणि विनासायास मिळाली. म्हणजे जखमी प्राण्याला हात लावणाऱ्यासाठी शासनाची व्यवस्था सज्ज आहे. त्या प्राण्यासाठी नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा चांगल्या हेतूने झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याचा उगम झाला आणि पंडित नेहरूंच्या आश्वासनानंतर त्यांनी ते मागे घेतले, हा इतिहास परिचित आहे. या कायद्याचे कलम ३ प्राण्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सांगते. पण ते कर्तव्य प्राणी ज्याच्या ताब्यात वा देखभालीखाली आहे त्याचे. रस्त्यावरचे मांजर कोणाच्याच ताब्यात नसते, त्यामुळे त्याच्याबाबत हे कर्तव्य कोणाचेच नाही. ते पेटीत उचलून ठेवताच मात्र उचलणारा ‘ताबेदार’ होतो. बघून पुढे गेलेले शंभर जण मोकळे राहतात, आणि थांबलेल्या एकावर सहा आठवड्यांचा भार येतो.

अपघातात जखमी झालेल्या माणसांबाबत आपण हेच अनुभवले आहे. लोक मदतीला थांबत नाहीत याचे खापर वर्षानुवर्षे समाजाच्या संवेदनशून्यतेवर फोडले गेले. प्रत्यक्षात पोलीस चौकशी, साक्षीचे हेलपाटे आणि रुग्णालयाचे देयक यांची भीती लोकांना रोखत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यामागचे तत्त्व साधे होते: मदत करणाऱ्याने मदत करावी आणि निघून जावे, पुढचे पाहायला व्यवस्था आहे. प्राण्यांच्या बाबतीत हे ‘पुढचे’ अस्तित्वातच नाही.

कागदावर ते आहे, आणि मला अधिक खटकते ते हेच. १९६० च्या कायद्यातील कलम ३५ राज्य सरकारांना प्राण्यांसाठी शुश्रूषागृहे नेमण्याचा अधिकार देते. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था स्थापण्याचे बंधन घातले. तिला शुश्रूषागृह आणि निवारा उभारण्यासाठी राज्याने जमीन द्यावी, तिथे पूर्णवेळ पशुवैद्य असावा, असेही त्यांत नमूद आहे. जिल्हा पातळीवरील समित्यांची यादी किती लांब असते आणि तिच्या तळाशी असलेल्या विषयांना वर्षातून किती मिनिटे मिळतात, हे ज्यांनी त्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. अलीकडे केंद्राच्या योजनेतून फिरती पशुवैद्यकीय पथके आणि १९६२ हा क्रमांक आला. त्यांची आखणी प्रामुख्याने पशुपालकाच्या दारातील जनावरांसाठी आहे, आणि ते योग्यही आहे. गुजरातने २०१७ मध्ये ‘करुणा’ रुग्णवाहिका बेवारस पशुपक्ष्यांसाठी सुरू केली, तेही स्वागतार्हच. तथापि रुग्णवाहिका पहिल्या तासाचा प्रश्न सोडवते, आणि पहिला तास तर आपले फळवाले आणि विक्रमवालेही निभावून नेतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे कालसीची आठवण होते. डेहराडूनहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, यमुनेकाठी, अशोकाचा शिलालेख आहे. त्यातील दुसऱ्या लेखात माणसांची आणि पशूंची, अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख येतो. आपल्या भाषणांत तो करुणेचा दाखला म्हणून येतो. पण लेख पुढे वाचला तर तो पुरवठ्याविषयी बोलतो: औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जिथे नव्हती तिथे ती आणवून लावली, रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदल्या, झाडे लावली. दयेचा उपदेश दगडावर कोरून तो राजा थांबला नव्हता. औषध कुठून येणार याचीही त्याने नोंद ठेवली.

हे काम धर्मादाय संस्थांवर सोपवावे, असे सुचवले जाते. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु दान देणाऱ्याला आपले पात्र निवडण्याचा हक्क असतो. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे जैन पक्षी रुग्णालय अनेक दशके अतुलनीय सेवा करत आले आहे, तरी मांसाहारी पक्ष्यांना तिथे भरती करून घेण्यास मर्यादा आहेत. त्यामागे श्रद्धा आहे आणि ती समजण्यासारखी आहे. जखमी घारींसाठी त्याच शहरातील दोन भावांना वेगळी धडपड करावी लागली. ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे ती जगाला कळली. मांजरही मांसाहारीच. गोशाळेच्या चाऱ्यावर ते जगणार नाही.

माणसांनाच खाटा मिळत नसताना मांजरांची चिंता कशाला, हा आक्षेप मी अनेक सुजाण मित्रांकडून ऐकला आहे. तो वजनदार आहे. पण इथे त्या खाटा हिरावून घेण्याचा प्रश्नच नाही. नव्या इमारती बांधा, असेही माझे म्हणणे नाही. इमारतींचे उद्घाटन होते, पदे रिक्त राहतात. महापालिकांनी आपल्या हद्दीतील खासगी पशुवैद्यांची सूची करावी, बेवारस जखमी प्राण्याच्या प्राथमिक उपचारांचा आणि पिंजऱ्यातील प्रत्येक दिवसाचा दर ठरवून द्यावा आणि देयके महिन्याच्या महिन्याला चुकती करावीत. अर्जात ‘मालक’ या रकान्याशेजारी ‘आणून देणारा’ असा दुसरा रकाना असावा. तो भरणाऱ्यावर कोणताही आर्थिक वा कायदेशीर भार पडणार नाही, असे एका परिपत्रकाने स्पष्ट करता येईल. बरा झालेला प्राणी सापडला त्याच जागी सोडायचा, म्हणून ती जागा नोंदवणारा तिसरा रकानाही हवा. मांजर आपली हद्द सहसा बदलत नाही.

पैसा कुठून आणायचा, असे वित्त विभाग विचारील आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील पंधरावी नोंद काढून पाहावी. तिच्यात दोन विषय एकत्र आहेत. पहिला कोंडवाडे, आणि अर्धविरामानंतर दुसरा, प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध. पहिल्यासाठी बहुतेक नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात आजही रक्कम दाखवलेली असते. दुसऱ्यासाठी ती किती आहे, हे आपापल्या शहराच्या पुढील अंदाजपत्रकाच्या सभेत नगरसेवकांना विचारता येईल.