नाव नसलेली नोकरी

परवा बचत गटाची बैठक आटोपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी एक जण दारातच घुटमळत होती. "ताई, जरा हे वाचता का?" म्हणत तिनं मोबाइल पुढं केला. 'नामांकित कंपनीसाठी घरबसल्या पेन्सिल पॅकिंग. महिना तीस हजार. महिलांना प्राधान्य.' खाली एक फोन नंबर. बस्स.

नामांकित म्हणे! मग नाव सांगायला लाज कसली?

पण तिचा प्रश्न खरं-खोटं काय, हा नव्हताच. रजिस्ट्रेशनचे ६२० रुपये भिशीतून काढून तिनं आधीच पाठवले होते. आता 'माल पाठवण्याचं डिपॉझिट' म्हणून अडीच हजार मागत होते. "तेवढे भरले की माल येईल ना?" असं ती विचारत होती.

मैत्रिणींनो, तिला हसू नका. शिवणाला हंगाम असतो, मुलांच्या फीला नसतो. दोन वाजता घरातलं आवरून मोकळी होणारी बाई 'घरबसल्या' हा शब्द वाचते, तेव्हा तिला आपल्याच नावानं हाक मारल्यासारखं वाटतं. जाहिरात करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. कारखान्यात यंत्र पेन्सिली डब्यांत भरत असताना कोण त्या कुरिअरनं आपल्या घरी पाठवेल आणि वर तीस हजार देईल, हा साधा हिशेब गरजेपुढं सुचत नाही.

नाव नसलेली प्रत्येक जाहिरात खोटीच, असं मात्र मी म्हणणार नाही. मी बी.ए. झाले, तेव्हा 'बॉक्स नंबर'वर अर्ज टाकला होता. पंधरा दिवसांनी एका शाळेचं पत्र आलं. पण त्या बॉक्स नंबरमागं वर्तमानपत्राचं कार्यालय होतं. जाहिरात कुणाची, ते त्यांच्या दप्तरी नोंदलेलं असे. एसटी स्टँडच्या खांबावरच्या कागदामागं आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशामागं कोण आहे? छोट्या जाहिरातींच्या पानावरही 'खातरजमा करूनच व्यवहार करावा' असं बारीक अक्षरात छापतात, तेही वाचत जा.

माझी कसोटी एकच. पैसा कुठून कुठं जातोय? पगार देणारा आधी पैसे मागत नाही. सरकारी भरतीला परीक्षा शुल्क असतं, पण ते अधिकृत संकेतस्थळावर भरायचं, कुणा 'साहेबां'च्या मोबाइलवर नाही. जीएसटीचं सर्टिफिकेट पाठवलं म्हणूनही भुलू नका. तो नंबर १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव-पत्ता दिसतो. तो भलत्याच दुकानाचा निघाला, तर कागद दुसऱ्याचा उचललेला. आणि 'पगारासाठी' म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणाच्या हाती देऊ नका. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरवतात, आणि पोलीस मात्र खातेदारणीच्या दारात येतात.

याहून वाईट प्रकार डेटा एंट्रीचा. आधी ऑनलाइन करारावर सही, मग आठवडाभर रात्री जागून टायपिंग, आणि शेवटी 'चुका फार झाल्या, नुकसानभरपाई भरा, नाहीतर कोर्टात खेचू' अशी वकिलाच्या नावाची नोटीस. बाई घाबरून मंगळसूत्र गहाण ठेवायला निघते. नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवून घेतलेल्या संमतीचा करार आपल्याला रद्द ठरवता येतो. एक रुपयाही न भरता नोटीस घेऊन पोलीस ठाण्यात किंवा तालुक्याच्या मोफत विधी सेवा समितीत जावं.

आम्ही त्याच रात्री १९३० वर फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात. व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवायची. जितक्या लवकर फोन, तितकी पैसा पुढं सरकण्याआधी अडकवण्याची आशा. तिचे ६२० परत येतील की नाही, सांगता येत नाही. अडीच हजार तरी वाचले.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "ताई, घरी कळलं तर मोबाइल काढून घेतील." मला रागच आला. फसवणारा मोकळा आणि शिक्षा हिला? म्हटलं, "चल, मी येते घरी. सासूबाईंशी मी बोलते."

पुढच्या बैठकीत तिनं आपणहून सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीच काही बोललं नाही. मग मागं बसलेल्या एकीनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. तशीच पावती होती, पण चार हजारांची.